शिंगं बघून मी नर लिहिलं

हौसा, आज सकाळी उन्हाचा एक तुकडा तुझ्या खुर्चीवर येऊन बसला. घटकाभर बसला, मग उठून बाळाच्या पाळण्याकडं गेला. मी त्याला हटकलं नाही.

रंजना म्हणाली, "आप्पा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर दोन पानं द्यायचीत. तुम्ही बोला, मी लिहिते." मी म्हणालो, "नाही. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, हे या घरात एकदा झालंय. पुन्हा नको." चौथी शिकलोय. अक्षर मेंढरांच्या पायवाटेसारखं आहे, कुठून निघतं आणि कुठं जातं कळत नाही. पण लिहिणार मीच.

तुझं माहेर कुठलं, तुला पोरं किती, तू कुठल्या आजारानं गेलीस, हे यात येणार नाही. तुला ते ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना कळून काय करायचंय. मला तुझ्याशी एका वहीबद्दल बोलायचंय.

बाहेर मे महिना चाललाय. खालच्या चेस्टनटला पांढरे तुरे आलेत. कोपऱ्यावरच्या टपरीत ती बाई अजून श्पार्गेलची भाजी विकते. त्या पांढऱ्या काड्यांना तू 'आजारी शेवगा' म्हणाली होतीस आणि शिजवून खाल्ल्यावर 'आजारीच' म्हणालीस. सगळं फुललंय, आणि माझ्या डोळ्यांत बर्फ आहे. डोळे मिटले की पांढरं रान. त्यात धुरकट रंगाची जनावरं पाठ करून चाललेली, आणि त्यांच्या मागं घोंगडी पांघरून तू. पायांत काही नाही. मी हाक मारतो तर तू हात वर करतेस. थांबा म्हणून नाही. मोजतेय, मधे बोलू नका, म्हणून.

आपण ब्राउनश्वाइगला आलो तेव्हा खराच बर्फ होता. ओकर नदीवर धुकं असं बसलेलं की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा वाटायचा. रंजीचं बाळंतपण म्हणून आलो. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीखाली घर तापवणारी हाइत्सुंग. पहिल्या दिवशी तू त्या लोखंडी फण्यांना हात लावून म्हणालीस, "चूल न्हाई, धूर न्हाई, आन् ऊब. हिचा जीव कुठं असंल?" जावईबापूंनी तळघरातल्या बॉयलरचं सगळं समजावून सांगितलं. गाडीच्या कारखान्यातला माणूस तो, त्याला असं विचारलेलं आवडतं. तू ऐकून घेतलंस आणि संध्याकाळी हाइत्सुंगला हळदकुंकू लावलंस.

बाळ दहा दिवसांचं झालं आणि रंजी पलंगावर खोकी घेऊन बसली. रजेवर होती, पण रानातल्या जनावरांचा अभ्यास करणाऱ्या तिच्या संस्थेतलं काम घरी आणलेलं. खोक्यांत फोटो, वहीच्या पानाएवढे मोठाले. हेलिकॉप्टरातून काढलेले. खाली बर्फ, काळी काळी उंच झाडं, आणि आवाजाला घाबरून पळणारी जनावरं.

"ही कसली गं?" तू विचारलंस.

"कॅरिबू. कॅनडाच्या उत्तरेच्या रानातली."

"कुणाची?"

"कुणाची नाहीत, आई. रानाची."

"मग मोजतीस कशाला?"

"संपत चाललीत म्हणून."

तू हातातला फोटो परत खोक्यात ठेवलास. आपली मेंढरं देऊन टाकली त्या दिवशी तू मोजायला आली नव्हतीस. मला तेव्हा वाटलं होतं, बाईमाणूस, रडत बसली असेल. आता वाटतं, संपलेलं मोजायचं नाही असा तुझा नेमच असावा.

मग रंजी सांगत गेली आणि आपण दोघं पोरांसारखे ऐकत बसलो. त्यांचे खूर पसरट, बर्फात रुतत नाहीत. खायला काय, तर हे, म्हणून तिनं कागदी पाकिटातून वाळकं, करडं काहीतरी तळहातावर ओतलं. तू वास घेतलास. उठलीस, स्वयंपाकघरात गेलीस आणि मसाल्याचा डबा घेऊन आलीस.

"दगडफूल!"

रंजीनं दोन्ही शेजारी ठेवून बघितली. तिला हसू फुटलं. "तेच नाही आई, पण त्याच गोतातलं आहे. जुन्या रानातच वाढतं. झाडं तोडली की परत यायला माणसाचा जन्म जातो."

"पेरता येत न्हाई ते," तू म्हणालीस. "दगडफूल कुणी पेरलंय कधी?"

आणि त्यांच्या घोट्यांतलं ते. कॅरिबू चालायला लागला की घोट्यातली शीर हाडावरून सरकते आणि टक्, टक् वाजतं. धुक्यात, बर्फात काही दिसत नाही तेव्हा एकमेकांचा टक् टक् ऐकत कळप एकत्र राहतो. मी म्हणालो, "हिच्या गुडघ्यासारखं." तू बाळाचं दुपटं माझ्या तोंडावर फेकलंस. पण खरंच, हौसा. चाळीस वर्षं रानात पहाटे मला तुझ्या गुडघ्यांचा आवाज आला की कळायचं, उठलीस, आता चुलीला जाळ लागणार. आता या घरात सकाळी पाइपमध्ये गरम पाणी शिरतं आणि लोखंड टक् टक् वाजतं. मी अर्धवट झोपेत म्हणतो, उठलीस का.

काम तुझ्याकडं आलं ते तुझ्याच हट्टानं. "बाळंतिणीनं डोळ्याला ताण द्यायचा नसतो. म्हातारपणी भोगावं लागतंय. तू डोळे मिटून पड, मी बघते." रंजीनं स्वतःची मोजणी बाळ व्हायच्या आधीच केली होती. तिच्या कामाची रीत अशी की तेच फोटो दुसऱ्या माणसानं, पहिली मोजणी न बघता, पुन्हा मोजायचे. दोघांचं जुळलं तर खरं. संस्थेत कुणी रिकामं नव्हतं. तू सहज दोन फोटो उचललेस आणि म्हणालीस, "ही दोन्हीकडं एकच हाय. डावा कान चिरलाय." रंजीनं भिंग लावून बघितलं. मग आपल्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, बघू द्या त्यांना. जुळलं तर धरू.

वहीच्या पुठ्ठ्यावर रंजीनं तुझं नाव लिहिलं. मोजणारी तू. तुला लिहिता येत नाही म्हणून लिहिणारा मी.

दुपारची जेवणं झाली की तू घोंगडी पांघरून खिडकीशी बसायचीस. भिंग डोळ्याला. इकडं पाच वाजता उजेड संपतो, तेवढ्यात उरकायचं. बाहेर बर्फ, फोटोत बर्फ. कधी कधी मला कळायचं नाही की खिडकी कुठली आणि फोटो कुठला. वाटायचं, हा सगळा कळप आता दारातून येईल, पायपुसण्यावर खूर झाडेल आणि टक् टक् करत बोळातून पुढं जाईल, आणि तू नुसतं म्हणशील, येऊ द्या, वाट सोडा.

पहिल्याच फोटोला आपलं वाजलं.

"नर," मी म्हणालो, तू तोंड उघडायच्या आधीच.

"मादी हाय."

"शिंगं बघ की!"

"मी शेपटीखाली बघतीय. तुम्हीबी तिकडंच बघा. काळा डाग दिसतोय का? गाभण हाय ती."

"शिंगं असलेली मादी?"

"म्हशीला नसत्यात व्हय?"

"म्हैस गोठ्यातली. रानातलं बोल. काळवीट घे, सांबर घे. आपल्या मेंढरांतलं घे. शिंगं असतात तो मेंढा, बोडकी ती मेंढी."

"आवं, रंजी म्हणली, यांच्यात दोघांनाबी असत्यात. नर हिवाळ्यात गाळून टाकतो, गाभण मादी ठेवती. बर्फ उकरून खायचं, त्या खड्ड्यावर दुसरं आलं तर हाकलायला लागत्यात."

"रंजीनं पुस्तकात वाचलं. मी चाळीस वर्षं मेंढरं राखली."

"आन् मी काय चाळीस वर्षं नुसत्या भाकरी थापल्या?"

मी पेन उचललं. आणि वहीत 'नर १' लिहिलं.

"काय लिवलं?" तू विचारलंस.

"तू म्हणालीस तेच."

हौसा, हे मी एकदा केलं नाही. पुढचे पाच आठवडे रोज केलं. तू मादी म्हणायचीस, मी शिंगं बघून नर लिहायचो. तू विचारायचीस, काय लिवलं, आणि मी म्हणायचो, तू म्हणालीस तेच. आधी रागानं केलं. मग वाटायला लागलं की मीच बरोबर आहे, म्हातारीच्या चुका झाकतोय, पोरीवर उपकारच करतोय. माणूस रोज खोटं लिहायला लागला की खोट्यालाच हात वळतो.

तुला माझा भरवसा नव्हता का? मला अजून कळत नाही. पण चौथ्या का पाचव्या दिवशी तू करंडा घेऊन बसलीस. वाटीत तेल, एकीकडं कुंकू कालवलेलं, एकीकडं हळद. फोटो बघून झाला की उलटा करून पाठीवर मादीला कुंकवाचा ठिपका, पिल्लाला हळदीचा. पाडव्याला मेंढरांना रंग लावायचीस तशी. आधी झालेले फोटोही परत काढून लावलेस.

"खराब होतील ते!" मी ओरडलो.

"पाठीवर लावतीय. तोंडाला न्हाई."

"आणि नराला काय?"

"काही न्हाई. तो आपला आपण मिरवतोय."

वाळले की तू ते खोक्यात उभे लावून ठेवायचीस. रंजी आतल्या खोलीत बाळापाशी. तिनं पाठी कधी बघितल्या नाहीत. मी रोज बघितल्या.

मधे त्या लांडग्यांवरून किती भांडलो आपण. रंजी म्हणाली, कॅरिबू वाचवायला तिकडं काही ठिकाणी लांडगे मारतात. मी म्हणालो, बरोबर आहे, आधीच करायला हवं होतं. तू भिंग खाली ठेवलंस. लांडग्यानं कोकरू नेलं तर शिव्या मी द्यायचो, तू कधी दिल्या नाहीस. 'त्याचा वाटा होता' म्हणून चुलीकडं वळायचीस. माझं डोकं फिरायचं. इथंही तेच.

"लांडगा काय आज आला का त्या रानात? तो बी तिथलाच," तू म्हणालीस. "आत्ताच कसा भारी पडाय लागला? त्याला वाट कुणी करून दिली?"

रंजी उठून बसली. "आई, गेनाऊ! अगदी तेच! रान तोडायला रस्ते केले, तोडलेल्या जागी कोवळं उगवलं, ते खायला दुसरी हरणं आली, त्यांच्या मागं लांडगे. आणि रस्ता आयताच मिळाला."

"बघा," तू म्हणालीस.

"बघितलं," मी म्हणालो. "पण रस्ता काय कोकरू खात नाही. खातो लांडगाच."

हे भांडण तसंच राहिलं. आता तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही म्हणून कधी कधी मीच बोलतो. मग माझी बाजू लंगडी पडते.

मार्चमध्ये मोजणी संपली. दोन दिवसांनी रंजी वही घेऊन जेवणाच्या टेबलापाशी आली. जावईबापू नुकतेच कामावरून आलेले, सगळ्यांच्या हातात चहा.

"आई," ती म्हणाली, हळूच म्हणाली, "शिंगवाल्या जवळजवळ सगळ्या तू नर सांगितल्यास. मी सांगितलं होतं ना गं तुला?"

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. भाकरी भाजली का बघायला उचलतात, तेवढंच. आणि परत ठेवली.

"नजर चुकली असंल," तू म्हणालीस. "म्हातारी झाले मी."

"होतं असं," जावईबापू म्हणाले.

"माझंच चुकलं, तुला एवढ्या कामाला लावलं. आल्झो... म्हणजे, ही मोजणी धरता नाही यायची." रंजीनं वही मिटली.

मी चहा प्यालो. सगळा प्यालो. खालची साखरसुद्धा.

हौसा, तुझी नजर आपल्या तळावर कुणाला ठाऊक नव्हती? लोक दोन दोन कोसांवरून आजारी कोकरं तुला दाखवायला आणायचे. सांजेला वाघरीच्या कुंपणात मेंढरं शिरताना मी डोकी मोजायचो आणि दरवेळी चुकायचो. तू जमिनीवर उकिडवी बसून पाय बघायचीस. "डोकी खोटं बोलत्यात. पाय न्हाई." तुझ्याकडं दागिना तो एवढाच. आणि नवऱ्याला जावयापुढं खाली बघायला लागू नये म्हणून तू तुझे डोळे देऊन टाकलेस.

त्यानंतर तू भिंग हातात धरलं नाहीस. रंजी म्हणायची, आई बघ ना गंमत म्हणून, तर म्हणायचीस, नको गं, दिसत नाही नीट. खोकी संस्थेत परत गेली.

त्या मोजणीचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता असं म्हणून सुटता येत नाही. रंजीनं आपल्या दोघांपुढं सांगितलं होतं. माद्या किती आणि त्यांच्यामागं पिल्लं किती जगली, यावर ठरतं की कळप वाढतोय का संपतोय. आधी कुणीतरी केलेली मोजणी म्हणत होती, कळप बरा आहे, रान तोडायला हरकत नाही. रंजीची मोजणी म्हणत होती, माद्या पुष्कळ आहेत पण पिल्लं हाताच्या बोटांवर, हे रान राखा, गाभण माद्यांना विण्यापुरता आडोसा करा. तिच्या एकटीच्या म्हणण्याला वजन नव्हतं. दुसरी जोडी डोळ्यांची हवी होती. आणि मी माद्यांचे नर केले. कागदावर माद्या कमी झाल्या, त्यांच्या मानानं पिल्लं भरपूर दिसायला लागली. माझ्या वहीत तो कळप इतका सुखात होता की विचारू नको.

मग एप्रिलमधला तो रविवार. जावईबापूंनी गाडी काढली आणि आपल्याला उत्तरेला ल्युनेबुर्गच्या माळावर नेलं. "आईंना मेंढरं दाखवू." वारा, वाळकं बुटकं झुडूप, पांढऱ्या सालीची झाडं, आणि मधे तो धनगर. हो, धनगरच. हिरवी टोपी, हातात आकडी, पायाशी कुत्रा. उंच होता, पण एका पायावर भार देऊन उभा राहायची रीत तीच. तू जाऊन त्याच्या मेंढीच्या लोकरीत हात घातलास, ओठ उचलून दात बघितलेस. त्याला राग यायला पाहिजे होता. त्यानं टोपी काढली.

करडी मेंढरं, काळ्या तोंडाची. सगळ्यांना शिंगं. मी म्हणालो, "एवढे मेंढे एकत्र कसे राखतो हा?"

आणि तेवढ्यात एक काळंभोर कोकरू धावत आलं, मान वाकडी करून त्या शिंगवाल्याच्या पोटाखाली घुसलं, दोन ढुशा दिल्या आणि शेपूट हलवत प्यायला लागलं.

तू नुसती माझ्याकडं वळलीस. वाऱ्यानं पदर उडत होता, तो तू दातात धरला होतास, त्यामुळं हसू आलेलं दिसत नव्हतं, खांदे हलताना दिसत होते.

"काय म्हणता मग?"

"परदेशी मेंढरांचं काय खरं," मी म्हणालो.

आता तू उघड उघड हसलीस. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. रंजी बाळाला घेऊन जवळ आली, "काय झालं?" हौसा, तेव्हा सांगायचं होतं मी. ऊन होतं, मेंढरं होती, तू हसत होतीस. तिथं सांगितलं असतं तर ती गोष्ट हसण्यावारी गेली असती. मी टोपीवाल्याच्या कुत्र्याकडं बघत राहिलो.

"काही न्हाई," तूच म्हणालीस. "ह्यांना गाव आठवलं."

पुन्हा झाकलंस. किती वेळा झाकायचं गं माणसाला.

त्यानंतर तू बाराच दिवस होतीस. इस्पितळात तुझ्या छातीला तारा लावलेल्या. खिडकीबाहेर एक झाड, त्याला नुकती पालवी. तू म्हणालीस, "पोरीला सांगून टाका."

"काय सांगू?"

तू झाडाकडं बघितलंस. "तुमचं तुम्हाला ठावं."

मी म्हणालो, बरी हो आधी. तू विचारलंस, बाळाला तेल लावलं का. लावलं, म्हणालो. ते मात्र खरं होतं.

मला वाटलं, उद्या सांगू.

तुला गावी न्यायचा कागद अजून यायचाय. माझा व्हिसा संपत आला होता. परदेशी माणसांच्या त्या कचेरीतल्या बाईनं तू गेल्याचा दाखला वाचला, चष्मा काढला, आणि काही न विचारता माझे दिवस वाढवून दिले. ते दिवस कशाला मिळाले ते मला ठाऊक होतं. तरी तीन आठवडे मी ते नुसते खुर्चीत बसून काढले. स्वप्नात तू पुढं पुढं जात राहिलीस. परवा तर तू थांबलीस, मागं वळून बघितलंस, आणि तुझ्या कपाळावर कुंकू नव्हतं. सगळं कुंकू त्या जनावरांच्या पाठींवर होतं. प्रत्येकीच्या एक.

गेल्या रविवारी न्याहारीच्या वेळी मी रंजीला सांगितलं. मीठ मागतात तसं सांगितलं, दुसरं जमलं नाही. "ती मादी म्हणायची. मी नर लिहायचो. तिची नजर कधी चुकली नव्हती."

पोरीनं हातातला पाव ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही आईला खोटं पाडलंत, आप्पा."

"हो."

"आणि तिला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी कळलं तिला. चहा पिताना."

ती बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आता काय उपयोग? तिनं काय सांगितलं होतं ते कुणाला आठवणार? पाच आठवड्यांचं?"

"फोटो उलटे करून बघ," मी म्हणालो.

तिच्याकडं संस्थेची किल्ली आहे. जावईबापूंना घेऊन गेली आणि तासाभरात खोकी घेऊन आली. जमिनीवर चादर पसरली. पहिला फोटो उलटा केला आणि तशीच बसून राहिली. कुंकू थोडं पुसट झालंय, तेलाची कड पिवळी पडलीय. पण बोट तुझंच. करंगळीशेजारचं.

रंजी पाठ बघून सांगायची, कुंकू तीन, हळद एक. मी वहीत त्या फोटोचा नंबर शोधायचो. मी माझं लिहिलेलं गिरगटायला लागलो तर तिनं हात धरला.

"असं नाही. एकच आडवी रेघ मारायची. बाजूला बरोबर लिहायचं आणि सही करायची. खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे."

"का?"

"आमच्या कामात असंच करतात. काय चुकलं होतं ते लपवायचं नाही."

तर हौसा, माझा प्रत्येक नर अजून वाचता येतो. तुझं नाव पुठ्ठ्यावर, माझी सही पानापानाला.

दिवस मावळायला आला तेव्हा शेवटचं खोकं लागलं. तुझं आणि रंजीचं जुळत चाललं होतं. फोटोमागून फोटो, ठिपक्यामागून ठिपका. ती सांगता सांगता नाक ओढत होती. साहेब आता ही मोजणी धरतील का, ते रान राखलं जाईल का, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवते. तुमच्यासकट. मी म्हणालो, माझ्यासकटच पाठव.

मग एका फोटोपाशी अडलं. झाडांच्या कडेला एक मादी, एकटी, आडवी उभी. पाठीवर कुंकू एक, हळद एक.

"इथं पिल्लू नाहीये," रंजी म्हणाली. "मीही नाही मोजलेलं. आईचं हळदीचं बोट चुकून लागलं असेल."

मी 'असेल' म्हणणार होतो. सवय. मग म्हणालो, "भिंग दे."

सवयीनं आधी शिंगंच बघितली. मग तुझी आठवण आली आणि खाली गेलो. बर्फापाशी. एक, दोन, तीन, चार. आणि मागच्या पायाच्या पलीकडं एक बारकी काडी, सावलीसारखी. तिच्या शेजारी अजून एक.

"रंजे, डोकी बघू नको. पाय मोज."

तिनं भिंग घेतलं. आत बाळ उठून रडायला लागलं, जावईबापूंनी उचललं. ती तशीच वाकलेली.

"सहा," ती म्हणाली. मग भिंग पदराला पुसायला गेली आणि अंगावर पदर नाही हे तिच्या लक्षात आलं. पुसायला तुझा पदर घ्यायची सवय.

वहीत त्या नंबरापुढं मी 'नर १' लिहिलं होतं, पिल्लू मला दिसलं नव्हतं म्हणून लिहिलंच नव्हतं. मी त्याच्यावर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं, सही केली. खिडकीतला उजेड संपत आला होता, हाइत्सुंग बंद होती, मेमध्ये ती लावत नाहीत, तरी कुठंतरी टक् टक् झाल्यासारखं वाटलं. मी तुझ्या खुर्चीकडं तोंड केलं.

काय लिवलं, तू विचारायचीस ना?

मादी एक. पिल्लू एक.